बिलाला तारीख असते, अनुदानाला का नाही?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रासमोर पाच मिनिटं उभं राहिलं की एक प्रश्न कानावर पडतोच : "निराधारचा पगार आला का?" संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या पैशाला लोक 'पगार' म्हणतात. पण पगाराला तारीख असते, या पैशाला ती नसते. कधी दोन महिन्यांचे एकदम येतात, कधी तीन महिने कोरडे जातात. घरभाडं मात्र पाच तारखेच्या आत द्यायचं असतं, गटाचा हप्ता ठरलेल्या वारी, आणि लाईट बिलाच्या तळाशी तर तारीख छापलेलीच असते.

विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित बायकांचे अर्ज भरून देण्याचं काम करणाऱ्या आम्ही काहीजणी हे पत्र लिहीत आहोत. या विषयावरची चर्चा '१५०० रुपयांत काय होतं' या वाक्यापाशी सुरू होऊन तिथेच संपते. रक्कम तुटपुंजी आहे, यात वाद नाही. पण ती कधी येणार हे माहीत नसल्यामुळे त्या तुटपुंज्या रकमेतलेही काही पैसे दंडात, व्याजात आणि चेक-बाउन्समध्ये जातात. ते बऱ्याच अंशी वाचवता येतात. कसे, ते आधी सांगतो आणि सरकारकडचं मागणं शेवटी.

मुळात कोणते पैसे मिळू शकतात हेच अनेकींना एकत्रितपणे कोणी सांगितलेलं नसतं. निराधारचे महिन्याला १५०० रुपये (जुलै २०२३ च्या आधी १०००). लाडकी बहीणचेही १५००, जुलै २०२४ पासून. दोन्ही एकदम घेता येत नाहीत. गंमत अशी की लाडकी बहीणसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे आणि निराधारसाठी २१ हजार. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये ठरली. ६७ दिवस काम केलं की २०,९०४ रुपये होतात. अडुसष्टाव्या दिवशी कामावर गेलेली बाई कागदोपत्री निराधार राहत नाही! तेव्हा खरं उत्पन्न २१ हजारांच्या वर असेल तर खोटा दाखला काढण्याच्या भानगडीत न पडता, नवे अर्ज घेणं सुरू असेल तर, लाडकी बहीणचा मार्ग धरावा. रक्कम तीच आहे.

दारिद्र्यरेषेच्या यादीतल्या चाळिशीपुढच्या विधवेचे १५०० हे केंद्राचे ३०० आणि राज्याचे १२०० मिळून होतात. पासबुकात १२०० ची नोंद पाहून 'पैसे कापले' म्हणून तहसीलला फेरी मारण्याआधी ३०० ची वेगळी नोंद शोधावी. ती त्याच दिवशी पडेल असं नाही. घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल, तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकरकमी २० हजार मिळतात. दिवसपाणी होईपर्यंत कोणाला हे सुचत नाही आणि नंतर राहून जातं.

सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत जास्त राहून जाणारी रक्कम म्हणजे बालसंगोपन. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये आहेत. दोन मुलं असली तर ४५००, म्हणजे आईच्या स्वतःच्या अनुदानाच्या तिप्पट. हे पैसे मुलाच्या नावाने असतात, त्यामुळे आईच्या निराधारशी किंवा लाडकी बहीणशी त्यांची टक्कर होत नाही. ही योजना फक्त विधवांच्या मुलांसाठी आहे असा समज पक्का बसलेला आहे, तो चुकीचा आहे. घटस्फोट, नवऱ्याने टाकून देणं, अविवाहित मातृत्व, पालकाचा गंभीर आजार, ही सगळी कारणं त्यात बसतात. आणि बायको वारलेला बापही अर्ज करू शकतो. एकट्या बापाला बाकी योजनांत फारशी जागा नाही, त्यामुळे त्याला तर हे कोणीतरी ओरडून सांगायला हवं.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे जातो आणि बाल कल्याण समिती आदेश देते. सोबत मुलाचं आणि पालकाचं आधार, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा कागद, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि घरासमोर उभं राहून काढलेला मूल व पालकाचा फोटो लागतो. अर्ज सर्वाधिक परत येतात ते या फोटोवरून : स्टुडिओतला पासपोर्ट फोटो जोडलेला असतो, मागे घर दिसत नाही. दुसरं कारण म्हणजे आधारवर, शाळेच्या दाखल्यावर आणि पासबुकावर मुलाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. अर्ज करण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षरन्‌अक्षर जुळवावं. चूक निघाली तर आधी ती दुरुस्त करावी, मग अर्ज. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून एका मुलाला महिन्याला ४००० रुपयांचं प्रायोजकत्व आहे. त्याला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२ हजार आणि शहरात ९६ हजार. एकाच मुलाला दोन्ही मिळत नाहीत, पण त्याच कार्यालयात विचारून कोणतं बसतं ते पाहावं.

बालसंगोपनचे पैसे चार-चार, सहा-सहा महिन्यांनी एकदम पडतात. म्हणून आमचा साधा नियम असा : या पैशावर महिन्याचं एकही बिल टेकवायचं नाही. वर्षातून एकदाच येणारे जे खर्च असतात (जूनमधली वह्या-दप्तरं, घरपट्टी, सुरक्षा ठेवीचं बिल, भाड्याचं डिपॉझिट) ते यातून करायचे. ग्रामपंचायतीची घरपट्टी ३० सप्टेंबरच्या आत भरली तर पाच टक्के सूट मिळते, थकवली तर पाच टक्के दंड बसतो. रक्कम लहान असते, पण थकबाकी राहिली की ग्रामसेवक कुठलाही दाखला देताना हात आखडता घेतो, आणि एकट्या बाईला दाखले सारखेच लागतात.

आता रेशनकार्ड. नवरा गेल्यावर किंवा त्याने सोडल्यावर बाईचं आणि मुलांचं नाव वर्षानुवर्षं सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या कार्डावर राहतं, आणि तिथूनच घोळ सुरू होतो. धान्य सासरी उतरतं. उत्पन्नाचा दाखला काढताना दिराची कमाई तिच्या डोक्यावर बसते. पुढे ज्या गॅसच्या सवलतीबद्दल लिहिलंय ती एका रेशनकार्डावर एकीलाच मिळते, म्हणजे सासूने घेतली की हिची गेली. त्यामुळे सर्वांत आधी जुन्या कार्डातून नावं कमी करून विभक्त कार्ड काढायचं. जुन्या कार्डाचा मालक सही देत नाही, ही नेहमीची अडचण. तेव्हा तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्यावा : स्वतंत्र राहत असल्याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार, स्वतःच्या नावचं लाईट बिल किंवा शेजाऱ्यांचे जबाब जोडून. आणि अर्जावर पोचेचा शिक्का घ्यावा. तोंडी विचारलं तर उत्तर एकच मिळतं, 'सही आणा'.

प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं. आई आणि दोन मुलं म्हटल्यावर १५ किलो. भाकरी-चपाती खाणाऱ्या घरात ते महिनाभर पुरत नाही. तरी विसाव्या दिवसापर्यंत गाडी जाते. अंत्योदय कार्डाला माणसं कितीही असोत, ३५ किलो मिळतं, आणि विधवा कुटुंबप्रमुख असलेली गरीब घरं अंत्योदयाच्या निकषांत बसतात. कोटा शिल्लक नाही म्हणून सांगतात, तरीही लेखी अर्ज देऊन ठेवावा. कार्ड रद्द होतात तशा जागा निघतात. दुकानात अंगठा लावल्यावर मशीनमधून जी पावती निघते ती मागून घ्यावी. तिच्यावर हक्काचं धान्य किती आणि दिलं किती हे छापलेलं असतं. तक्रारीसाठी १९६७ हा नंबर आहे.

बँकेकडे वळू. 'पैसे बंद झाले' म्हणून येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींचे पैसे बंद झालेले नसतात, दुसऱ्याच खात्यात गेलेले असतात. सरकारी पैसा बहुतेक वेळा खाते क्रमांकावर जात नाही. तो आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं त्यात जातो. गावात कोणी मोबाइलवर पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं, फायनान्सवाल्याने कर्ज देताना अंगठा घेतला, सिमकार्ड घेताना आणखी एक अंगठा घेतला, आणि त्यातल्या एखाद्या ठिकाणी जोडणी बदलली. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' असं पान आहे. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि कोणत्या बँकेशी जोडणी आहे ते दिसतं. पैसे थांबले की तहसीलला जाण्याआधी हे बघावं. जोडणी परत हव्या त्या बँकेत आणायची तर त्या शाखेत आधार सीडिंगचा फॉर्म भरून द्यावा. नुसती झेरॉक्स दिल्याने जोडणी होत नाही.

अनुदानाचं खातं वेगळं आणि हप्त्याचं खातं वेगळं, हेही कटाक्षाने पाळावं. एकाच खात्यातून मोबाइलचा किंवा फ्रिजचा हप्ता आपोआप कापला जात असेल आणि त्या दिवशी शिल्लक नसेल, तर बँक दंड लावते, फायनान्सवाला वेगळा लावतो. पुढे अनुदान पडलं की आधी तो दंड गिळला जातो. साधं बचत खातं असेल तर ते 'मूलभूत बचत खातं' करून द्या असा लेखी अर्ज शाखेत देता येतो. त्यात किमान शिल्लक ठेवण्याची अट नसते, महिन्याला चार वेळा पैसे काढणं मोफत असतं. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं असलं तर ते बंद करावं लागतं.

लाईट बिलाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत.

महावितरणच्या बिलाच्या तळाशी तीन रकमा असतात. एक लवकर भरलं तर (बिलाच्या तारखेपासून साधारण आठवड्याच्या आत, एक टक्का सूट), दुसरी देय तारखेपर्यंतची आणि तिसरी देय तारखेनंतरची. पहिल्या आणि दुसऱ्या रकमेतला फरक ७०० च्या बिलावर सहा-सात रुपयांचा. तिसरी रक्कम सव्वा टक्क्याने जास्त, म्हणजे ७०० वर नऊ रुपयांच्या आसपास. हे नऊ रुपये वाचवण्यासाठी बायका शेकडा पाचने उसने पैसे आणतात. ७०० चं महिन्याचं व्याज होतं ३५! बिल भरण्यासाठी व्याजाने पैसे आणू नयेत. त्यापेक्षा नऊ रुपये दंड भरून बिल पंधरा दिवस उशिरा भरलेलं परवडतं. मात्र दुसरं बिल यायच्या आत पहिलं संपवायलाच हवं. दोन बिलं साचली की व्याज सुरू होतं आणि लाईनमन दारात येतो.

वीज तोडण्याआधी वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते. आता नोटीस मोबाइलवरही येते, म्हणून मेसेज न वाचता खोडू नये. (आज रात्री साडेनऊला वीज तुटेल, या मोबाइल नंबरवर फोन करा, असा मेसेज मात्र भामट्यांचा असतो.) बिलच चुकीचं आहे असं वाटत असेल तर त्याच कलमात एक सोय आहे, ती फारच कमी लोकांना माहीत आहे : मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. अर्जात 'निषेध नोंदवून भरत आहे' हे शब्द हवेत आणि त्या अर्जाची पोच हवी. थकबाकी खरीच असेल तर हप्ते पाडून मागावेत. कार्यालयाला ते देता येतात, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

बिल चुकतं कुठे? बहुतेक वेळा रीडिंगमध्ये. बाई कामाला गेलेली, दाराला कुलूप, मीटर आत. मग बिलावर 'लॉक' किंवा तत्सम शेरा पडून सरासरीचं बिल येतं, आणि तिसऱ्या महिन्यात एकदम सगळी युनिटं. अशा वेळी ती युनिटं तीन महिन्यांत वाटून दर लावायला हवेत आणि आधी भरलेले पैसे वजा व्हायला हवेत. बिलाच्या मागे रीडिंगचा तपशील तपासून हे झालं नसेल तर दुरुस्ती मागावी. सर्वांत बरं म्हणजे रीडिंगच्या दिवसांत महावितरणच्या ॲपवरून मीटरचा फोटो आपणच पाठवावा. शेजारच्या कॉलेजच्या पोराला एकदा दाखवून घेतलं की जमतं.

दरांचं म्हणाल तर पहिल्या १०० युनिटांचा दर आणि १०१ ते ३०० चा दर यांत वहन आकार (वीज वाहून आणण्याचं शुल्क) धरूनही जवळपास दुपटीचा फरक आहे. १०० च्या वर गेलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं हा गैरसमज आहे. वरची युनिटं तेवढी महाग पडतात. दोन खोल्यांच्या घराचा हिशेब मांडून पाहा. ७५ वॉटचे दोन पंखे रोज दहा तास चालले की महिन्याला ४५ युनिट. लहान फ्रिज दिवसाला एक धरला तर ३०. टीव्ही चार तास, सात युनिट. ९ वॉटचे दोन दिवे सहा तास, तीन युनिट. मिक्सर आणि मोबाइलचं चार्जिंग मिळून चारेक. बेरीज ८९. इथवर ठीक आहे. आता पाणी तापवायचा १५०० वॉटचा रॉड रोज अर्धा तास लावला की आणखी २२ युनिट, म्हणजे १११. थंडीत बिल का वाढतं याचं उत्तर बहुतेक घरांत हा रॉड असतो. दिवे बंद करा म्हणून मुलांना रागावण्यात काही हशील नाही, ते तीन युनिटंच खातात.

भाड्याच्या खोलीत हा हिशेब कोलमडतो. मालक सबमीटर बसवतो आणि सरसकट दहा-बारा रुपये युनिट लावतो. चार भाडेकरूंची युनिटं एका मीटरवर चढल्याने मालकाचं बिल खरोखरच वरच्या दरात गेलेलं असतं, त्यामुळे तो दरवेळी लबाडच असतो असं नाही. मूळ बिल दाखवा आणि युनिटांच्या प्रमाणात वाटणी करा, एवढं म्हणून बघावं. कायद्याप्रमाणे जागेत राहणाराही वीजजोडणी मागू शकतो, पण प्रत्यक्षात मालकाची संमती मागितली जाते आणि भाडेकरू बाई ती मागायला कचरते. भाडेकरार करतानाच हा विषय काढावा.

एप्रिल-मेच्या सुमारास महावितरणचं आणखी एक बिल येतं, सुरक्षा ठेवीचं. वर्षभराच्या सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट ठेव जमा असावी, असा नियम आहे आणि त्यातला फरक मागितला जातो. ते दंडाचं बिल नसतं; ठेवीवर व्याज मिळून ते बिलातून वजा होतं. सहा हप्त्यांत भरण्याची सवलत आहे. ती घ्यावी.

गॅसमध्ये अडचण सवलतीची नाही, आधी रोख मोजण्याची आहे. उज्ज्वलाच्या जोडणीवर केंद्राकडून सिलिंडरमागे ३०० रुपये परत येतात, २०२५-२६ साठी वर्षाला नऊ सिलिंडरपर्यंत. मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीणच्या पात्र बायकांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत, जोडणी बाईच्या नावावर असेल तर. पण 'मोफत' म्हणजे आधी पूर्ण पैसे मोजायचे आणि नंतर खात्यावर परत यायची वाट बघायची. उज्ज्वलावाल्या बाईला अशा सिलिंडरवर केंद्राचे ३०० आणि राज्याचे ५३० मिळून ८३० परत येतात. तिघांच्या घरात वर्षाला सात सिलिंडर लागले आणि भाव ८६० धरला, तर ६०२० रुपये जातात आणि ३६९० परत येतात. निव्वळ खर्च महिन्याला १९५ च्या आत. एवढा स्वस्त गॅस असूनही सिलिंडर संपला की चूल पेटते, कारण त्या दिवशी हातात ८६० नसतात.

यावर उपाय एकच : ९०० रुपये गॅसचे म्हणून कायमचे फिरते ठेवायचे. डब्यात, नाहीतर गटाच्या खात्यात, कुठेही. सिलिंडर घेताना ते वापरायचे, परतावा आला की त्यात परत टाकायचे, कमी पडलेले पैसे (मोफतच्या तीन सिलिंडरांना तीस-चाळीस रुपये, बाकीच्यांना साडेपाचशेच्या आसपास) वरून घालायचे. हे ९०० पहिल्यांदा उभे करायला थकीत अनुदान एकदम पडण्याची वेळ सर्वांत चांगली. आणि जोडणी मयत नवऱ्याच्या नावावर असेल तर ती एजन्सीत मृत्यूचा दाखला, केवायसी आणि बाकी वारसांची ना-हरकत देऊन आधी स्वतःच्या नावावर करावी. नाहीतर अन्नपूर्णा विसरायची.

मोबाइलचं रिचार्ज हे चैनीचं कलम समजून बायका सर्वांत आधी तेच टाळतात. आमचा सल्ला उलटा आहे. रिचार्ज संपून काही दिवस गेले की ओटीपी येणं थांबतं आणि महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर नंबर दुसऱ्याच्या नावावर जातो. मग आधारला नवा नंबर जोडा, त्यासाठी केंद्रावर एक दिवसाची मजुरी बुडवा, तोवर ई-केवायसीची मुदत गेलेली. 'महिन्याचं' रिचार्ज २८ दिवसांचं असतं, वर्षाला बारा नव्हे तेरा वेळा करावं लागतं, तेव्हा हिशेबात तेरा धरा. थकीत पैसे एकदम आले तर ८४ दिवसांचं मारून मोकळं व्हावं. मुलांच्या आधारचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात, ते मोफत आहे. ते राहिलं की रेशन दुकानात मुलाचा अंगठा लागत नाही.

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. फेब्रुवारीत काढला तर दोन महिन्यांत वाया. एप्रिलमध्ये काढून त्याच्या चार-पाच प्रती करून ठेवल्या की निराधारची फेरतपासणी, बालसंगोपन, शिष्यवृत्ती सगळ्याला एकच चालतो.

गटाच्या, फायनान्सच्या हप्त्यांबद्दल थोडंच लिहितो, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, मायक्रोफायनान्सची वसुली सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर करता येत नाही, आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. नवं कर्ज काढून जुनं बिल भरणाऱ्या घरांना हे तीन मुद्दे कागदावर लिहून द्यावेत असे आहेत.

हे सगळं पाळूनही एक गोष्ट बाईच्या हातात राहत नाही, ती म्हणजे तारीख. डिसेंबर २०२४ पासून निराधारचं अनुदान थेट आधार जोडलेल्या खात्यात जातं. मधले हात गेले, याद्यांचे गठ्ठे गेले, मग उशिराचं कारण उरतं फक्त निधी वेळेवर न सोडणं. दर महिन्याच्या पाच तारखेला निराधारचे, आणि तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात बालसंगोपनचे पैसे पडतील असं शासनाने जाहीर करावं. एखाद्या महिन्यात उशीर होणार असेल तर तसा मेसेज आधी पाठवावा. कोणाचं अनुदान थांबवलं तर कारण मेसेजमध्ये मराठीत यावं : हयातीचा दाखला नाही, आधार जुळत नाही, उत्पन्न जास्त, जे असेल ते. आज ते कारण शोधायला तीन खेपा आणि तीन दिवसांची मजुरी जाते. निराधारची २१ हजारांची उत्पन्नमर्यादा किमान मिशन वात्सल्यच्या मर्यादेच्या जवळ आणावी. आणि अन्नपूर्णाचे तीन सिलिंडर खरोखर मोफत द्यायचे असतील तर एजन्सीने बाईकडून फरकाचे तीस-चाळीस रुपयेच घ्यावेत, बाकीचे शासनाने एजन्सीला द्यावेत.

आपल्या नम्र,
एकल महिलांसोबत काम करणाऱ्या काही कार्यकर्त्या,
जि. बीड